डबीतून चिंचनूरला

आप्पा पॅनेलवर वाकून फडकं मारत होते आणि माझ्या मोबाइलवरचा आकडा हलत नव्हता.

मी गच्चीच्या दारात पत्र्याखाली उभा होतो. म्हटलं, "आप्पा, जरा बाजूला व्हा."

"का?"

"तुमची सावली पडते पॅनेलवर. वीज किती कमी होते ते बघायचंय."

आप्पा बाजूला झाले. आकडा तेवढाच. परत वाका म्हटलं, वाकले. तेवढाच. एरवी चिमणी बसली तरी खाली येणारा आकडा, पण आख्खा माणूस आडवा आला तरी ढिम्म. मला वाटलं ॲप अडकलंय. तेवढ्यात टाकीवरचा कावळा पॅनेलवरून उडत गेला, आकडा टुणकन खाली आला आणि परत वर गेला. म्हणजे ॲप चालू होतं. बंद होते ते आप्पा.

त्यांनी स्वतःच्या पायाखाली पाहिलं. एक पाय उचलला, ठेवला. मग दुसरा.

"चन्न्या, माझी सावली कुठाय बे?"

मी हसलो. सकाळीच पेपरात वाचलं होतं. "आज शून्य सावली दिवस आहे, आप्पा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सोलापुरात आत्ता कुणालाच सावली नाही. कलेक्टरला पण नाही."

"मग ही कुणाची?"

बोलता बोलता मी उन्हात आलो होतो. त्यांनी माझ्या चपलांकडे बोट केलं. चपलांच्या कडेला सावली होती. बोटभर का होईना, होती.

"मी जरा तिरका उभा आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत फालतू शास्त्रीय विधान.

आप्पांनी फडकं पिळलं, झटकलं आणि कठड्यावर नीट पसरून वाळत टाकलं. घाबरलेला माणूस फडकं वाळत घालत नाही, म्हणून मी निर्धास्त झालो. जिना उतरताना ते म्हणाले, "आमच्या आज्जाची अशीच गेली होती. खळ्यात. भर दुपारी सावली गेली आणि दिवस मावळायच्या आत आज्जा गेला. गाडी काढ. चिंचनूरला जायचंय."

"आत्ता?"

"मग काय उद्या?"

चिंचनूर हे आमचं मूळ गाव, अक्कलकोटच्याही पलीकडे, पार सीमेच्या काठावर. तिथे आप्पांचा धाकटा भाऊ राहतो, इरण्णाकाका. दोघांचं बोलणं बंद होतं. काकाच्या मुलीच्या लग्नात सगळ्या सोयऱ्यांना टॉवेल-टोपी मिळाली. आप्पांना टोपी मिळाली, टॉवेल राहिला. बँडवाल्याच्या गळ्यात मात्र टॉवेल होता. आप्पा तसेच न जेवता, टोपी घालून, मिळेल त्या टमटमनं परत आले. तेव्हापासून त्या घरचं पाणीही त्यांना चालत नव्हतं. पुढे मी गाडी घेतली तेव्हा काकानं गावभर सांगितलं की रेवणअण्णाच्या पोरानं जत्रेतलं खेळणं घेतलंय. हेही आप्पांपर्यंत पोचलं होतं. असलं सगळं पोचतं.

गाडीबद्दल काका अगदीच खोटं बोलला नव्हता. दोन दारांची, पिस्ता रंगाची, विजेवर चालणारी जुनी गाडी मी एका दातांच्या डॉक्टरकडून उचलली होती. गल्लीत तिला डबी म्हणायचे. तिच्या पोटात म्हशीच्या वजनाच्या जुन्या बॅटऱ्या होत्या. त्या काढून मी लिथियमचे सेल जोडले. किती टक्के शिल्लक आहे ते दाखवणारा लाल आकड्यांचा डिस्प्ले डॅशबोर्डवर चिकटवला. टपावर एक पॅनेल बांधलं. त्यावर पुरता पंखाही फिरत नसे, पण शोभा यायची. खरी भूक भागायची ती गच्चीवरच्या पॅनेलांवर. आप्पा मार्केट यार्डात तोलार होते, उभा जन्म कांद्याची पोती काट्यावर चढवली-उतरवली. रिटायर झाल्यावर करायला काही नाही, म्हणून रोज पॅनेल पुसायचे. म्हणायचे, "सूर्य फुकट देतोय, आपण निदान काच तरी पुसावी."

अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आत्ता तर भाकरी थापायला बसले. या उन्हात कुठं निघालात?"

"इरण्णाकडं जेवून येतो," आप्पा म्हणाले.

अव्वानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना काहीतरी पाजलंय.

"भाड्याच्या जीपनं जाऊ आप्पा," मी हळूच म्हटलं. "बॅटरी अठ्ठावन्न टक्के आहे. निम्म्याच्या जरा पुढे जाईल फार तर."

"डबीतच जायचं. खेळणं म्हणतोय काय? दारात नेऊन उभी करतो त्याच्या."

मरायला निघालेला माणूसही भावाचा हिशेब चुकता करूनच जातो. मी किल्ली घेतली. अक्कलकोटच्या मित्राला फोन केला. त्याच्या दुकानात चार्जिंगची वायर लावू, तोवर आप्पांच्या डोक्यातलं खूळ उतरेल, असा माझा बेत होता.

शहर मागे पडलं. कुंभारी गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळीकडे तापल्या डांबराचा वास. आप्पा शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते. डिस्प्लेवर अठ्ठावन्न. वळसंग आलं तरी अठ्ठावन्न.

मला आधी अभिमान वाटला. टपावरचं पॅनेल! मी जोडलेलं! मनातल्या मनात मी कंपनी काढली, तिचं उद्घाटन केलं आणि नारळही फोडला. पण भर उन्हातसुद्धा ते पॅनेल एवढं करूच शकत नाही, हे त्या कंपनीच्या मालकाला चांगलं ठाऊक होतं.

रसवंतीपाशी थांबलो. आप्पा उतरून बाकावर जाऊन बसले. मी गाडी हलवून कडुलिंबाखाली लावली. तेवढ्याशा हलवण्यात आकडा छप्पन्न झाला. रस पिऊन झाल्यावरही, खूळ उतरावं म्हणून, मी उन्हं कलेपर्यंत तिथेच वेळ काढला. मग आप्पा परत आत बसले. त्यांचं धोतर दारात अडकलं होतं, ते त्यांनी सोडवेपर्यंत आकडा अठ्ठावन्न झाला.

गाडी झाडाच्या गर्द सावलीत होती.

"आप्पा, जरा उतरा."

उतरले. मी गाडी चार हात पुढे घेतली. सत्तावन्न.

"आता बसा."

बसले. अठ्ठावन्न.

"परत उतरा."

"काय बे, उठाबशा काढायलास काय माझ्याकडनं? मरणाऱ्या माणसाला जरा तरी मान दे की!"

रसवाला हातातला ऊस तसाच धरून आमच्याकडे बघत होता. मी त्याला सांगितलं, "सीट बसवतोय." तो म्हणाला, "बसवा, बसवा."

निघालो. आता सूर्य मागून यायला लागला होता. गाडीची सावली आमच्या पुढे रस्त्यावर पळत होती, टपावर बाज बांधल्यासारखी. मागच्या काचेतून शिरलेलं ऊन पुढच्या काचेतून आरपार जात होतं. त्या उजेडाच्या चौकटीत एक डोकं होतं. एकच. मी मान हलवली, तेही हललं.

"आप्पा, जरा हात वर करा."

त्यांनी केला. रस्त्यावर काहीच हललं नाही.

"बघून झालं का?" आप्पा म्हणाले. आवाज पातळ झाला होता, शेजारच्या घरातून आल्यासारखा. त्यांनी हात डॅशबोर्डवर टेकला. डॅशबोर्डला तिथे एक भेग होती. मी स्वतः ती एम-सीलनं भरली होती. ती भेग मला त्यांच्या हाताखालून सबंध दिसत होती.

मी गाडी कडेला घेतली.

"आप्पा, आपण इथनं जीप करू."

"का?"

"ही बॅटरीवर चालत नाहीये."

"मला कळलंय ते," आप्पा म्हणाले. "मघापासनं हलकं वाटायलंय. पोतं खाली ठेवल्यावर वाटतं तसं." मग डिस्प्लेकडे बघून त्यांना हसू आलं. "पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतोय की मी!"

"हसू नका हो."

"मग काय करू? मी मावळतीला जाणार. जीपमध्ये बसलो तरी जाणार, या कडंला बसलो तरी जाणार. बाकी तुझं तू बघ. मला इरण्णाच्या दारात नेतोस का इथंच बाभळीखाली ठेवतोस?"

मी चावी फिरवली.

आता पेच असा होता की गाडी जोरात हाणली तर आप्पा लवकर संपणार आणि हळू नेली तर दिवस आधी मावळणार. असल्या गणिताला मास्तर नसतो. मी मधला वेग धरला. पंखा बंद केला. रेडिओ बंद केला. चढ आला की आप्पांना खोकला लागायचा, उतार आला की थांबायचा. म्हणून उतारावर मी गाडी मोकळी सोडून द्यायचो आणि आप्पा जरा गप्पा मारायचे. हे रान कुणाचं, ती विहीर कुणी पाडली, इथे इरण्णा सायकलवरून कसा पडला आणि रडला नाही, पण सायकलची घंटी तुटली म्हणून कसा रडला. चढ आला की परत खोकला.

अक्कलकोट न थांबता पार केलं. मित्राच्या दुकानासमोरून गेलो तेव्हा वायर हातात घेऊन तो बाहेरच उभा होता. मी त्याला हात केला. काय सांगणार?

पुढे म्हशींचा कळप आला. मी सवयीनं हॉर्न वाजवला. आप्पांनी डोळे मिटून घेतले आणि सीट पकडली, कुणी फटका मारावा तसे. नंतर मी हॉर्नला हात लावला नाही. खाली उतरलो आणि एकेक म्हैस ढकलत, "हो, बाई, हो" करत बाजूला केली. गुराखी म्हणाला, "हॉर्न नाही काय गाडीला?"

"आहे. वडिलांना त्रास होतो."

"शहाणा पोरगा आहेस," तो म्हणाला. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, तेही अशा दिवशी.

चिंचनूर आलं तेव्हा सूर्य दोन हात वर होता. डिस्प्लेवर अठ्ठावन्न. काका दारातल्या कट्ट्यावर बनियनवर बसून तंबाखू मळत होता. पिस्ता रंगाची डबी दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्याचा अंगठा तळहातावर थांबला.

आप्पा उतरले. दोघं बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी मोठं घडणार.

"जेवलास का?" काकानं विचारलं.

"नाही."

"मग ये की आत. बाहेर काय करायलास?"

झालं. इतक्या वर्षांचं भांडण एवढ्यात मिटलं. मी मागे उभा राहून डोळे पुसत होतो. तेवढ्यात काका गाडीभोवती फिरून आला, टपावर थाप मारली आणि म्हणाला, "अण्णा, हीच काय ती? चालती का खरंच?"

मी पटकन गाडीच्या दारात आडवा उभा राहिलो.

"चालती म्हणजे!" आप्पा म्हणाले. "बस. चक्कर मारून आणतो तुला बसवण्णापर्यंत."

"आप्पा, नको," मी म्हटलं. "आता आत जा. जेवा."

"एक चक्कर."

"गाडी तापलीय."

"तापू दे की. चन्न्या, मी कशाला आलोय?"

"काकाला भेटायला."

"भेटलो. आता त्याला बसव."

काका ऐटीत पुढे बसला. आप्पा मागच्या टीचभर सीटवर सरकले. आता काय, मी गाडी काढली. गल्लीतून बसवण्णाच्या देवळाकडे निघालो. काका काचेतून हात बाहेर काढून दिसेल त्याला सांगत होता, "अण्णाची गाडी आहे! आमच्या अण्णाची! आवाजच नाही की बे हिला. मेल्यासारखी चालती!"

देवळाला वळसा घालताना डिस्प्लेवर सत्तावन्न आलं. मग छप्पन्न. आप्पा गाडीत असताना आकडा पहिल्यांदाच खाली येत होता. मी आरशात पाहिलं. आरशात मागची काच दिसत होती, काचेपलीकडे धूळ, धुळीत पळणारी पोरं. मध्ये कुणी नव्हतं.

मी झटकन मागे वळलो. आप्पा बसलेले होते. गुडघे हनुवटीला टेकलेले, तोंडभर हसू. "पुढं बघ बे," ते म्हणाले, "धडकशील."

दारात आलो तेव्हा पंचावन्न होते.

काकूनं पाटावर ताट मांडलं होतं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. आप्पा भिंतीला टेकून बसले आणि मागून मागून जेवले. चटणी दोनदा घेतली. काका समोर बसून त्यांना त्यांच्याच गाडीतल्या चकरेची हकिगत सांगत होता. "त्या मल्लाप्पाचं तोंड बघितलंस काय? अशी मान काढून बघत होता. मी म्हटलं, बघ, बघ..." उंबऱ्यावरून आत आलेलं ऊन मागे सरकत सरकत बाहेर निघून गेलं. काका बोलतच होता. "अण्णा, ऐकायलास ना?"

आप्पांनी ताटात हात धुतलेला होता. ओला हात तसाच मांडीवर होता.

तालुक्याचे डॉक्टर आले, म्हणाले हार्ट. मी मान हलवली. डॉक्टरांशी मी कधी वाद घालत नाही. आप्पांना तिथेच, चिंचनूरच्या रानात, आमच्या रीतीनं बसवून माती दिली. अव्वा टेम्पोतून आली होती. परत निघताना मी डबीही टेम्पोत चढवायला लावली. काका म्हणाला, "अरे चालू आहे की ती! टेम्पोत कशाला?"

"बॅटरी तापलीय," मी म्हटलं.

तापलेली नव्हती. मी हात लावून बघितलं होतं. कोमट होती.

गच्चीवरच्या उन्हातले अठ्ठावन्न टक्के आम्ही रस्त्यात केव्हाच संपवून आलो होतो. आता आत जे होतं ते उन्हाचं नव्हतं. घरी आल्यावर मी चार्जिंगची वायर काढून माळ्यावर टाकली. गाडीवर चादर घातली. रोज सकाळी चादर उचलून आकडा बघायचो. पंचावन्न. उभी असली तरी बॅटरी थोडी थोडी उतरते, हे मीच लोकांना सांगायचो. ही उतरत नव्हती. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पंचावन्न.

एका सकाळी अव्वा माझ्या मागे येऊन उभी राहिली. "रोज काय बघतोस त्यात?"

मी सांगितलं. सगळं. सावली, भेग, म्हशी, आरसा. अव्वा मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "अजून किती हाय?"

"पंचावन्न."

"मग वापरत का नाहीस?"

"संपेल अव्वा."

"मग? जन्मभर पोती उचलणारा माणूस चादर घालून कोपऱ्यात उभा केलास. एक दिवस घरात बसवत नव्हतं त्यांना." तिनं चादर ओढली. "काढ. मंडईत जायचंय."

तसे आम्ही निघालो. मंडई झाली. मग सिद्धेश्वराचं देऊळ. मग पाकणीची मावशी, जिच्याकडे आप्पा अव्वाला कधीच न्यायचे नाहीत, कारण मावशीचा चहा पांचट. अव्वा पुढे बसायची आणि वाटेत डॅशबोर्डशी बोलायची. "बघा, नेलंच ना शेवटी?" चढावर मी आपसूक हळू व्हायचो. ती म्हणायची, "हळू कशाला? जाऊ दे की जोरात. दमले तर सांगतील." आकडा आता इतर गाड्यांसारखाच उतरत होता. चाळीस. तेवीस. अकरा. एकदा मी हॉर्न वाजवायचं टाळलं, तर तिनंच हात लांब करून दाबला, चांगला लांबलचक, आणि हसली. आप्पांसारखी.

शेवटचा टक्का आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपुढे संपला. डिस्प्ले विझला. दुपारची वेळ होती. मागे रिक्षावाले बोंबलायला लागले. गिरणीवाल्या विरूपाक्षनं डोकं बाहेर काढलं. "काय अव्वा, संपली काय डबी?"

"संपली," अव्वा म्हणाली.

ती तशीच बसून राहिली. मांडीवर भाजीची पिशवी, नजर समोर. मी उतरून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. रिक्षावाले ओरडून ओरडून कडेनं निघून गेले. बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं, पिशवी सीटवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि मागे येऊन माझ्या शेजारी गाडीला हात लावला.

"ढकल," ती म्हणाली. "ऊन हाय तोवर लावून टाकू चार्जिंगला."